तपासणीच्या सहीची किंमत

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात २०२४ साली जेमतेम सहा आठवड्यांच्या आत दोन हेलिकॉप्टरे कोसळली. २४ ऑगस्ट रोजी जुहूहून हैदराबादकडे निघालेले हेलिकॉप्टर पौडजवळ कोंढावळे येथे पावसाळी हवेत खाली आले. त्यातील चौघेही बचावले; एकास गंभीर दुखापत झाली. २ ऑक्टोबर रोजी, गांधीजयंतीच्या सकाळी, बावधनजवळच्या एका गोल्फ मैदानावरील हेलिपॅडवरून जुहूकडे निघालेले दुसरे हेलिकॉप्टर उड्डाणानंतर काही मिनिटांतच डोंगराळ भागात पडून जळाले. त्यातील तिघेही मृत्युमुखी पडले. दोन्ही वेळी चर्चा झाली ती पाऊस, धुके आणि डोंगर यांची. ती अस्थानी होती असे नव्हे. ज्याने ताम्हिणीकडून चढत येणारे ढग एकदा पाहिले आहेत, त्याला मुळशीच्या आकाशाचा लहरीपणा वेगळा सांगावा लागत नाही. या दोन अपघातांचे खापर देखभालीवर फोडण्याचा येथे हेतू नाही, आणि तसे करण्यास आधारही नाही. परंतु बावधनच्या अपघातातील एक तपशील वृत्तपत्रांच्या मथळ्यांखाली झाकला गेला. मृतांमध्ये दोन वैमानिकांबरोबर एक अभियंताही होता.

हेलिकॉप्टरात अभियंता कशासाठी बसतो, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. मोठे प्रवासी विमान ज्या विमानतळावर उतरते तेथे त्याच्या देखभालीची काहीतरी व्यवस्था असते. हेलिकॉप्टराचे तसे नाही. ते कधी गोल्फच्या मैदानावर उतरते, कधी साखर कारखान्याच्या आवारात, तर कधी चुन्याने वर्तुळ आखलेल्या शाळेच्या पटांगणावर. अशा ठिकाणी यंत्र रात्रभर उभे राहिले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ते उडण्यास योग्य आहे की नाही हे सांगणारा माणूस बरोबरच न्यावा लागतो. त्याला तेथे छप्पर नसते, पुरेसा उजेड नसतो, शिडी असली तर असते. त्याचा वरिष्ठ फोनच्या दुसऱ्या टोकाला असतो आणि ज्यांना लवकर निघावयाचे आहे ते मात्र समोर उभे असतात. अशा परिस्थितीत तो जी तपासणी करतो आणि नोंदवहीत जी सही करतो, तिच्यावर वैमानिकाचे, प्रवाशांचे आणि खालच्या वाडीवस्तीचे भवितव्य अवलंबून असते. त्या सहीची किंमत समाजाने कधी गांभीर्याने आकारली आहे असे दिसत नाही.

विमानाची तपासणी म्हणजे नेमके काय, याविषयी सामान्य वाचकाच्या मनात मोटारीच्या ‘सर्व्हिसिंग’चे चित्र असते. ते अपुरे आहे. विमानाच्या प्रत्येक महत्त्वाच्या भागाला ठरलेले आयुष्य असते. ते कधी उड्डाणाच्या तासांत मोजतात, कधी उड्डाण व अवतरण यांच्या फेऱ्यांत, तर कधी नुसत्या कॅलेंडरवरील महिन्यांत. कारण न वापरलेले रबरही कुजते आणि उभ्या यंत्राच्या सांध्यांनाही गंज चढतो. आयुष्य संपलेला भाग दिसावयास कितीही धडधाकट असला तरी काढावाच लागतो. याशिवाय प्रत्येक उड्डाणापूर्वीची तपासणी वेगळी, रोजची वेगळी आणि ठराविक तासांनंतर हँगरमध्ये यंत्र उघडून होणारी वेगळी. हेलिकॉप्टराच्या बाबतीत ही शिस्त अधिकच कडक असावी लागते. इंजिन बंद पडले तरी, पुरेशी उंची व वेग असल्यास, कुशल वैमानिक फिरत्या पात्यांच्या आधाराने यंत्र खाली आणू शकतो. मुख्य पात्यांचा तुंबा निखळला तर मात्र त्याच्या हाती काही उरत नाही, आणि शेपटीच्या पंख्याची यंत्रणा मोडली तरी फारच थोडे उरते. त्या भागांना पर्यायी आधार नसतो. म्हणून त्यांच्या गिअरबॉक्समधील तेलात एक चुंबकीय बूच बसविलेले असते. दातेरी चाके वा बेअरिंगे झिजू लागली की धातूचा कीस त्याला चिकटतो. तो कीस किती आहे, केसासारखा बारीक आहे की पापुद्र्यासारखा चपटा आहे, यावरून आत काय चालले आहे याचा अदमास अनुभवी यंत्रज्ञ बांधतो. वैद्याने नाडी पाहावी तसाच हा प्रकार आहे. फरक एवढाच, की येथे रोग्याला स्वतःचे दुखणे बोलून दाखविता येत नाही.

पाहणाऱ्याची दृष्टी कितीही तीक्ष्ण असली तरी काही गोष्टी डोळ्यांना दिसतच नाहीत. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबईहून मद्रासकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे कॅराव्हेल विमान उड्डाणानंतर लगेच परत फिरले, आणि सांताक्रूझ विमानतळावर उतरण्याआधीच पेटून कोसळले. ९५ जण गेले. चौकशीत जे निघाले ते असे : इंजिनच्या उच्चदाब कॉम्प्रेसरमधील दहाव्या टप्प्याच्या चकतीत धातूच्या थकव्यामुळे तडा गेला होता. ती चकती फुटली, तिच्या तुकड्यांनी इंधनाची नळी तोडली, आग लागली, आणि नियंत्रण-यंत्रणेतील तेल निघून गेल्याने विमान वैमानिकाच्या हातून सुटले. तार पुन्हा पुन्हा वाकविली की ती एका क्षणी तुटते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. विमानाचा धातूही प्रत्येक उड्डाणागणिक असाच थोडाथोडा वाकत असतो. त्यातील तडा प्रारंभी केसाहूनही बारीक असतो. तो शोधण्यासाठी रंगीत द्रव, चुंबकीय भुकटी, विद्युत्प्रवाहाची भोवरे, ध्वनिलहरी आणि क्ष-किरण अशा पद्धती आहेत. त्या खर्चिक असतात व वेळ घेतात, आणि मुख्य म्हणजे त्यांचा वापर कोठे करावयाचा हे कोणीतरी आधी ठरवावे लागते. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी इंग्लंडमध्ये लेस्टरच्या फुटबॉल मैदानातून उडालेले एक हेलिकॉप्टर शेपटीच्या पंख्याचे बेअरिंग जाम होऊन पडले आणि पाच जण ठार झाले. तेथील चौकशीने देखभाल करणाऱ्यांना दोषी धरले नाही. जे करावयास सांगितले होते ते त्यांनी केले होते. परंतु वापरून काढलेली बेअरिंगे उघडून पाहावीत, असे निर्मात्यावर बंधनच नव्हते. तपासणीची यादी बनविणाराही तपासणीला पात्र असतो, हे त्या अहवालाने ठळकपणे पुढे आणले.

तरीही बहुतेक तपासणी आजही माणसाच्या डोळ्यांनीच होते, आणि डोळा हा फार भोळा अवयव आहे. त्याला जे दिसेल अशी अपेक्षा असते तेच तो पाहतो. हे शिक्षकांना समजावून सांगण्याची गरज नाही. दोनशेवी उत्तरपत्रिका तपासताना तेच उत्तर तेथे असणार हे मन आधीच ठरवून मोकळे होते, आणि एक चुकलेले पद नजरेखालून सहज निसटते. म्हणूनच शालान्त परीक्षेच्या पद्धतीत परीक्षकावर नियामक नेमलेला असतो. कारकुनालाही हे माहीत असते, की स्वतःची बेरीज स्वतः पुन्हा केली तर चूक बहुधा पुन्हा त्याच जागी होते. ताळा दुसऱ्याने घेतला तरच ती सापडते. विमानाच्या देखभालीतही हेच तत्त्व आहे. नियंत्रणाच्या दांड्या, तारा यांसारख्या मर्मभागांवर काम झाले, तर ज्याने काम केले नाही अशा दुसऱ्या माणसाने ते स्वतंत्रपणे पाहून सही करावी, असा दंडक असतो. हा दंडक कोठे लागू करावयाचा आणि कोठे नाही, एवढ्यावर किती काय अवलंबून असते, ते १९९० सालच्या एका घटनेवरून समजते.

त्या वर्षी १० जून रोजी बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागाकडे निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पुढची काच सतरा हजार फुटांहून अधिक उंचीवर निखळून उडाली. मुख्य वैमानिक कमरेपर्यंत खिडकीबाहेर ओढला गेला. सेवकांनी त्याचे पाय धरून ठेवले आणि सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरविले. आश्चर्य असे, की सर्वजण वाचले, बाहेर लोंबकळलेला वैमानिकसुद्धा. ही हकीकत चित्तथरारक म्हणून अनेकदा सांगितली जाते. परंतु तिचा खरा भाग त्याआधीच्या एका रात्रपाळीत आहे. काच २७ तासांपूर्वीच बदलली होती. ती बसविणाऱ्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट व्यासाने बारीक होते. फरक पाऊण मिलिमीटरहूनही कमी. हे काम कोणा उमेदवाराने केले नव्हते. त्या पाळीच्या प्रमुखाने, अनुभवी व चांगले नाव असलेल्या माणसाने, ते स्वतः केले होते. पाळीवर माणसे कमी होती. जुना बोल्ट हातात धरून, अंधूक उजेडातल्या कप्प्यांतून त्याने तसाच दिसणारा बोल्ट डोळ्यांनी जुळवून घेतला. भांडाराच्या माणसाने योग्य मापाचा उल्लेख केला होता, तरी त्याने स्वतःच्या नजरेवर अधिक भरवसा ठेवला. काम त्याने केले, तपासले त्यानेच, आणि सहीही त्यानेच केली. पुढची काच मर्मभागांच्या यादीत नव्हती. त्यामुळे दुसऱ्या डोळ्यांची अटच नव्हती. नियम मोडला गेला तो मापाचा. दुसऱ्या सहीचा नियम मोडण्याचा प्रश्नच आला नाही, कारण तो तेथे नव्हताच.

पुढच्याच वर्षी, ११ सप्टेंबर १९९१ रोजी, अमेरिकेत टेक्सासमध्ये एक छोटे प्रवासी विमान हवेतच तुटले आणि १४ जण गेले. आदल्या रात्री त्याच्या शेपटीच्या आडव्या पंखावरचे ४७ स्क्रू काढण्यात आले होते, ते परत बसविलेच गेले नाहीत. येथे दुसरे डोळे होते. परंतु ज्याने तपासावयाचे, त्या तपासनीसानेच सहकाऱ्याला मदत म्हणून हाती पेचकस घेतला होता. पाळी बदलली तेव्हा अर्धवट राहिलेल्या कामाची वार्ता पुढच्या माणसांपर्यंत नीट पोचली नाही. मदतीला धावून जाणे हा एरवी सद्गुणच. पण तपासनीस कामगार झाला त्या क्षणी त्या विमानाला तपासनीस उरला नाही. आपल्याकडच्या छोट्या हेलिकॉप्टर कंपन्यांमध्ये, जेथे मुक्कामी एकच अभियंता यंत्राबरोबर असतो, तेथे तर हा प्रसंग अपवादाचा न राहता रोजच्या रीतीचा होण्याचा संभव आहे.

आपल्याकडे, असे म्हणताना एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. भारतात नियम नाहीत असे नाही. १९३४ चा विमान कायदा आणि १९३७ ची नियमावली यांवर दीर्घकाळ चाललेली व्यवस्था होती. २०२५ च्या प्रारंभापासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे. परवानाधारक अभियंत्याच्या सहीवाचून देखभाल केलेले विमान सेवेत परतू शकत नाही. नियमांची पुस्तके जाडजूड आहेत आणि त्यांतील बहुतेक मजकूर आंतरराष्ट्रीय दर्जाचा आहे. उणीव आहे ती अन्यत्र. १२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या अपघातानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने दिल्ली-मुंबईसारख्या मोठ्या विमानतळांवर अचानक पाहणी केली आणि २४ जून रोजी तिचे निष्कर्ष जाहीर केले. ते वाचण्यासारखे होते. नोंदविलेले बिघाड दुरुस्तीनंतरही पुन्हा पुन्हा उद्भवत होते. म्हणजे दुरुस्ती पुरती झालेली नव्हती. दुरुस्ती करताना कामाच्या लेखी आदेशाचे पालन होत नव्हते. काही ठिकाणी अभियंते बिघाड पाहावयास जातच नव्हते. विमानाच्या यंत्रणेने स्वतः नोंदविलेले दोष तांत्रिक नोंदवहीत उतरलेले नव्हते. झिजलेल्या टायरांमुळे एक विमान थांबवावे लागले. हे सारे देशातील सर्वांत गजबजलेल्या आणि सर्वांत देखरेखीखालच्या विमानतळांवर आढळले. तेव्हा एखाद्या कारखान्याच्या आवारात उभ्या असलेल्या हेलिकॉप्टराच्या नोंदवहीत काय आढळले असते, हा प्रश्न विचारणे गैर ठरू नये. त्या निवेदनात कंपन्यांची नावे मात्र नव्हती. नापास झालेल्यांची संख्या सांगावयाची आणि यादी लावावयाची नाही, असा निकाल कोणत्याही शाळेत खपला नसता.

याच अपघाताच्या प्राथमिक अहवालात, जो जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, एक बारीक उल्लेख आहे. इंधनाच्या खटक्यांची कुलूपयोजना तपासून पाहावी, अशी सूचना अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २०१८ साली केली होती. ती सक्तीची नसून सल्ल्याच्या स्वरूपाची होती, म्हणून कंपनीने ती तपासणी केली नाही, असे त्यात नोंदले आहे. त्या अपघाताचे कारण यात होते, असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही आणि काढूही नये. पण त्या एका वाक्यात एका संपूर्ण वृत्तीचे दर्शन घडते. सक्तीचे तेवढे करावयाचे आणि सल्ल्याचे सोडून द्यावयाचे, ही वृत्ती एकट्या कंपनीची नाही. कचेरीपासून ग्रामपंचायतीपर्यंत ती सर्वत्र रुजलेली आहे. तिचे समर्थनही तयार असते : प्रत्येक सल्ला पाळावयाचा तर विमान उडावयाचे केव्हा? या युक्तिवादात तथ्य आहे. जगभरच्या निर्मात्यांकडून व नियामकांकडून येणाऱ्या सूचनांचा ढीग मोठा असतो. परंतु तो निवडून, कोणती सूचना का सोडली हे लिहून ठेवून, त्याखाली कोणीतरी नावानिशी सही करणे हे काही अशक्य नाही. सोडून दिलेल्या तपासणीखालीही सही असली पाहिजे.

मुळशीच्या आसपासच तपासणीच्या दोन करुण कहाण्या आहेत. त्या विमानांच्या नाहीत, पुलांच्या आहेत. पण मुद्दा तोच आहे. ताम्हिणी घाट उतरून कोकणात गेले की महाड फार दूर नाही. तेथील सावित्री नदीवरचा ब्रिटिश अमदानीतील दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि एस.टी.च्या दोन गाड्या वाहून गेल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्या पुलाची तपासणी झाली होती आणि तो वाहतुकीस योग्य असल्याचे ठरले होते. उलट शेजारच्या मावळ तालुक्यात, कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल धोकादायक म्हणून आधीच जाहीर झाला होता. तसा फलकही तेथे होता. १५ जून २०२५ रोजी सुटीच्या दिवशी गर्दीच्या भाराने तो पडला आणि चौघांचा मृत्यू झाला. एके ठिकाणी पाहिले, पण दिसले नाही. दुसऱ्या ठिकाणी दिसले, सांगितलेही, परंतु सांगणाऱ्याच्या शब्दाला कोणी विचारले नाही. विमानाच्या अभियंत्यासमोर या दोन्ही अडचणी एकाच वेळी उभ्या असतात, आणि दुसरी पहिलीपेक्षा अवघड आहे. दृष्टी शिक्षणाने व साधनांनी सुधारता येते. ‘हे यंत्र आज उडणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार केवळ शिक्षणाने लाभत नाही.

निवडणुकीच्या हंगामात हे विशेष जाणवते. बावधनची घटना घडली आणि पुढच्याच महिन्यात महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक होती. एकेका पुढाऱ्याच्या दिवसाला चार-पाच सभा. शाळांची पटांगणे हेलिपॅड झालेली, मुले भिंतीवर चढून पाते फिरण्याची वाट पाहत असलेली आणि शिक्षकांना अध्यापन बाजूला ठेवून बंदोबस्ताची ओढाताण. अशा वेळी भाड्याने घेतलेल्या हेलिकॉप्टराचा अभियंता, बुचाला चिकटलेला कीस पाहून, ‘गिअरबॉक्स उघडल्याखेरीज सही करणार नाही’ असे म्हणाला, तर काय होईल? कायदा त्याच्या बाजूने आहे. पण त्याचा पगार देणारा मालक, मालकाला भाडे देणारा पक्ष आणि सभामंडपात खोळंबलेली गर्दी कोणाच्या बाजूला असेल? नकार देऊन यंत्र थांबविले आणि आत काही निघाले नाही, तर त्याच्या नावे नुकसान मांडले जाते. नकार देऊन अपघात टळला तर तो टळल्याचे कोणालाच कळत नाही, कारण न झालेल्या अपघाताची बातमी होत नाही. अभियंत्याच्या नकाराचा मोबदला असा नेहमी एकाच बाजूने चुकता होतो. म्हणून हा भार त्याच्या एकट्याच्या धैर्यावर टाकून चालणार नाही. एखादे यंत्र अभियंत्याने थांबविले तर ती नोंद मालकाच्या मध्यस्थीवाचून थेट महासंचालनालयात पोचावी, आणि त्यानंतर ठराविक काळात त्या अभियंत्याला कामावरून दूर केले तर त्याचे कारण मालकाने सिद्ध करून दाखवावे, एवढी तरतूद तरी हवी.

कामाच्या तासांचेही तसेच आहे. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम २०२५ साली अमलात आले. त्यांच्याशी वेळापत्रक जुळविता न आल्याने डिसेंबरात एका मोठ्या कंपनीची उड्डाणे मोठ्या प्रमाणावर रद्द झाली, आणि साऱ्या देशाला वैमानिकाच्या झोपेचे महत्त्व पटले. अभियंत्याच्या झोपेविषयी त्या गदारोळात कोणी चकार शब्द काढला नाही. वस्तुतः प्रवासी विमानांची बरीचशी देखभाल रात्रीच होते, कारण दिवसा विमान कमाई करीत असते. बर्मिंगहॅमचा तो बोल्ट रात्रीच निवडला गेला होता, आणि टेक्सासचे ते स्क्रूही रात्रीच राहून गेले होते. पहाटे तीनच्या सुमारास माणसाचे लक्ष किती ढिले पडते, हे रात्रपाळी केलेल्या कोणत्याही कामगाराला विचारावे.

या सर्वांवर एक आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. सहीला एवढे महत्त्व दिले, तर चूक झाली की सही करणाऱ्यालाच पकडावयाचे आणि त्याचा परवाना रद्द करावयाचा, असा सोपा मार्ग सरकारला सापडेल. तो सापडतोच आहे. त्याचा परिणाम असा होतो, की ज्याच्या हातून चूक झाली तो ती लपवितो. पेचकस सापडत नाही, तो बहुधा पंखाच्या पोकळीत राहिला असावा, हे रात्री दोन वाजता कबूल करणाऱ्या माणसाला शाबासकी मिळाली पाहिजे; त्याला निलंबनाची भीती वाटत असेल तर तो गप्प बसेल आणि विमान उडेल. अपघातांच्या चौकशीचा हेतू दोष वा जबाबदारी ठरविणे हा नसून पुढचे अपघात टाळणे हा आहे, असे आंतरराष्ट्रीय संकेतच सांगतात. मात्र याचा अर्थ सर्वांना सर्व माफ असा नव्हे. न पाहता पाहिल्याची सही करणे ही चूक नसून खोटी साक्ष आहे. नजरेतून निसटणे आणि नजर न टाकणे यांतील हा भेद ज्याला करता येत नाही, अशा अधिकाऱ्याच्या हाती शिक्षेचा अधिकार असू नये.

तो भेद करावयाचा तर पाहणी करणारी माणसे हवीत. २०२५ साली संसदीय समितीने निदर्शनास आणले, की महासंचालनालयातील मंजूर पदांपैकी जवळजवळ निम्मी रिकामी आहेत. देशातील विमानांची संख्या वाढत असताना त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्यांच्या खुर्च्या अशा मोकळ्या असाव्यात, हे केवळ काटकसरीचे लक्षण म्हणता येणार नाही. मनुष्यबळ अपुरे पडले की पाहणी कागदांची होते. नोंदवही मागवावयाची, सगळ्या चौकटींत सह्या आहेत ना ते पाहावयाचे, आणि शेरा मारून परत पाठवावयाची. सह्या तर असतातच. ज्या विमानाचे स्क्रू राहिले त्याच्या कागदांवरही सह्या होत्या.

खर्चाचा मुद्दा निघेलच. छोट्या कंपनीने प्रत्येक मुक्कामी दोन अभियंते कोठून आणावयाचे? एकेकटीने आणणे कठीण आहे, हे मान्य. पण पुणे आणि जुहू या दोन ठिकाणी स्वतंत्र परवानाधारक तपासनीसांचे एक मंडळ ठेवून, मुक्कामी उभ्या असलेल्या यंत्रांच्या मर्मभागांवर काम झाल्यास दुसरी सही त्यांच्यापैकी एकाने तेथे जाऊन करावी आणि शुल्क कंपन्यांनी वाटून घ्यावे, हे अव्यवहार्य नाही. पुण्याहून पौडला मोटारीने तास-सव्वातास लागतो. तसेच जेथे हेलिकॉप्टर रात्री मुक्कामास ठेवावयाचे, तेथे छप्पर, दिवे व शिडी यांची अट परवानगीतच घालावी. ज्यांना तासाला लाखांच्या घरातले भाडे परवडते, त्यांना पत्र्याची एक शेड परवडू नये हे पटण्यासारखे नाही.

राहता राहिला मुळशीचा प्रश्न. कोंढावळ्यात आणि बावधनात अपघातस्थळी प्रथम धावले ते स्थानिक लोक. पुढे त्या जागेला दोर लागले, अधिकारी आले, अवशेष हलविले गेले आणि विषय तालुक्याबाहेर गेला. विमान अपघात अन्वेषण कार्यालयाचे अहवाल इंग्रजीत निघतात व दिल्लीत प्रसिद्ध होतात. प्रत्येक अहवालात यंत्राच्या देखभालीचा एक भाग असतो : शेवटची तपासणी केव्हा झाली, कोणते भाग बदलले, कोणत्या तक्रारी प्रलंबित होत्या. त्या भागाचे मराठी भाषांतर पौडच्या तहसील कचेरीत आणि संबंधित ग्रामपंचायतींत ठेवले जावे, अशी मागणी मुळशीच्या लोकप्रतिनिधींनी करावयास हवी. ज्यांच्या छपरांवरून ही यंत्रे रोज जातात, त्यांनी त्यातील तारखा एकदा स्वतः वाचाव्यात.